कैसराचा हुकूम आणि देवाची आज्ञा : एका जुन्या प्रश्नाचा आढावा

राजाज्ञा आणि देवाज्ञा यांचा विरोध हा विषय मराठी वाचकाला अपरिचित नाही. जो पिताही होता आणि राजाही होता त्याची दुहेरी आज्ञा नाकारणाऱ्या प्रल्हादाचे आख्यान आपण लहानपणापासून ऐकत आलेलो आहोत. ख्रिस्ती परंपरेत मात्र या विरोधाला एक निराळी धार आलेली आहे, आणि तिचे कारण असे की, अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे हा उपदेश, आणि अधिकाऱ्यांनी मना केलेली गोष्ट भर चौकात करणारे प्रेषित, ही दोन्ही एकाच नव्या करारात थोड्याशा पानांच्या अंतराने आढळतात. यांपैकी एकच टोक हाती धरणाऱ्यांनी कधी जुलमी राजाला देवाचा मुखत्यार ठरविले, तर कधी स्वतःच्या दुराग्रहाला ईश्वरी आज्ञेचे नाव दिले. एकोणीस शतकांहून अधिक काळ ख्रिस्ती मनुष्य या दोन टोकांमध्ये कसा वागला, कोठे ताठ उभा राहिला आणि कोठे वाकला, आणि या सर्व अनुभवातून खऱ्या नकाराची कसोटी म्हणून काय शिल्लक राहते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्नाची मुळे जुन्या करारात आहेत. इब्री स्त्रियांच्या पोटी जन्मणारे मुलगे मारून टाकावेत असा हुकूम मिसरच्या फारोने शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणींना दिला, आणि त्यांनी तो अमलात आणला नाही. बाबेलच्या नबुखद्नेस्सराने उभारलेल्या सुवर्णमूर्तीपुढे शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांनी दंडवत घातला नाही. दारयावेशाच्या अमदानीत, तीस दिवस राजावाचून अन्य कोणापाशीही याचना करू नये असे फर्मान सुटले असताही दानीएल पूर्ववत दिवसातून तीन वेळा खिडक्या उघड्या ठेवून प्रार्थना करीत राहिला, आणि हा दानीएल त्याच राज्यातील एक वरिष्ठ व निष्कलंक अंमलदार होता. या प्रसंगांत एक भेद आहे. तिघा तरुणांचा आणि दानीएलाचा नकार आपल्या उपासनेच्या रक्षणासाठी होता; सुइणींचा नकार दुसऱ्याच्या तान्ह्या लेकराच्या प्राणासाठी होता. पुढील सगळ्या इतिहासात नकाराच्या या दोन शाखा वेगवेगळ्या वाढत गेल्या, आणि दुसरी शाखा पहिलीपेक्षा पुष्कळच दुर्बळ राहिली.

नव्या करारात येशूने कैसराचा छाप असलेले नाणे कैसराला द्यावयास सांगितले, परंतु देवाचे ते देवाला द्यावे असे म्हणून कैसराच्या हक्काला सीमाही घालून दिली. पुढे पिलातासमोर उभे असता त्याने त्या सुभेदाराचा अधिकार नाकारला नाही. तो अधिकार वरून मिळालेला आहे एवढेच त्याच्या ध्यानी आणून दिले. यरुशलेमच्या न्यायसभेने पेत्राला आणि इतर प्रेषितांना उपदेशाची बंदी केली, तेव्हा त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की, दोन आज्ञा परस्परांच्या आड आल्या असता देवाची आज्ञा वरचढ मानणे त्यांना भाग आहे. हे बोलून त्यांनी सभेने दिलेले फटके मात्र निमूटपणे सोसले. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांना देवाचे सेवक म्हटले, ते नीरोच्या कारकिर्दीत. याच पौलाला फिलिप्पैच्या अधिकाऱ्यांनी चौकशीवाचून फटके मारून कोठडीत टाकले, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून देण्याचा विचार केला, तेव्हा आपण रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपणास बाहेर न्यावे, असा आग्रह त्याने धरला. अधीनता म्हणजे अन्यायापुढे मौन, असा अर्थ खुद्द तो उपदेश लिहिणाऱ्याने केलेला नाही. आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकात तीच राजसत्ता, स्वतःची पूजा मागू लागताच, समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाच्या रूपाने दिसते.

रोमी साम्राज्यात प्रश्न प्रत्यक्ष कचेरीत येऊन उभा राहिला. इसवी सन 112 च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात आपली पद्धत कळविली आहे : आरोपीने देवतांची प्रार्थना करावी, सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य अर्पावे, ख्रिस्ताला शाप द्यावा आणि सुटून जावे, न केल्यास त्या हट्टाबद्दलच तो शिक्षेस पात्र. सन 250 मध्ये सम्राट डेशियसने सर्व प्रजेला देवतांपुढे बलिदान करण्याचे फर्मान काढले, आणि ते केल्याबद्दल स्थानिक समितीच्या सहीचा दाखला देण्याची व्यवस्था केली. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बलिदान केले. काहींनी बलिदान न करता पैसे भरून नुसता दाखला विकत घेतला. छळ ओसरल्यावर या पतितांना मंडळीत परत घ्यावे की नाही यावरून जो वाद पेटला त्यात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मध्यम मार्ग स्वीकारला : द्वार बंद नाही, पण प्रायश्चित्त अनिवार्य. स्वतः सिप्रियन त्या छळात लपून राहिला होता, आणि त्याबद्दल त्याला बोल लागला होता. 258 साली दुसऱ्या छळात तो लपला नाही आणि तलवारीला बळी पडला. रक्तसाक्ष्यांच्या गौरवगाथांत ही दुसरी बाजू सहसा झाकली जाते. ती झाकू नये, कारण नकार देणारे नेहमीच थोडे असतात, आणि उरलेल्यांचे काय करावे हे ठरविताना धर्मसंस्थेच्या दयेची आणि सत्यनिष्ठेची एकदमच परीक्षा होते.

313 साली ख्रिस्ती धर्माला कायदेशीर मान्यता मिळाल्यानंतर सम्राटाचे आसन आणि धर्मगुरूचे आसन जवळ आले आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. मिलानचा बिशप अँब्रोज याने 390 साली थेस्सलनीकातील कत्तलीबद्दल सम्राट थिओडोसियसला जाहीर पश्चात्ताप करावयास लावले, ही गोष्ट सर्वविश्रुत आहे. याच अँब्रोजने त्यापूर्वी दोन वर्षे, कॅलिनिकम येथे ख्रिस्ती जमावाने जाळलेले यहुद्यांचे सभास्थान तेथील बिशपाने बांधून द्यावे असा जो न्याय्य हुकूम सम्राटाने दिला होता, तो त्याला मागे घ्यावयास भाग पाडले, ही गोष्ट तितकी विश्रुत नाही. धैर्य दोन्ही वेळी तेच होते. एका वेळी ते मारल्या गेलेल्यांच्या बाजूने उभे राहिले आणि दुसऱ्या वेळी जाळणाऱ्यांच्या. राजापुढे निर्भय असणे म्हणजे धर्मनिष्ठ असणे नव्हे, हा धडा या एका मनुष्याच्या चरित्रातच मिळतो. ऑगस्टीननेही अन्याय्य कायद्याला कायदा मानले नाही, पण आफ्रिकेतील डोनॅटस-पंथीयांना मुख्य चर्चमध्ये आणण्यासाठी सम्राटाच्या बळाचा उपयोग अखेर योग्य ठरविला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने विचाराची मांडणी अधिक काटेकोर केली : जो कायदा लोकहिताच्या विरुद्ध आहे तो मनोदेवतेला बांधीत नाही, तथापि अनर्थ टाळण्यासाठी तो सोसणे काही वेळा उचित असते; जो देवाच्या आज्ञेच्याच विरुद्ध आहे तो मात्र कधीही पाळता येत नाही. अन्याय सोसणे आणि अन्याय स्वतः करणे यांमधील ही सीमारेषा पुढे सर्वांनाच उपयोगी पडली.

सोळाव्या शतकात पश्चिमेतील एकच धर्मसंस्था दुभंगली, आणि आज्ञा देणारे अनेक झाले. काही जर्मन राजांनी लूथरचा भाषांतरित नवा करार सरकारात जमा करण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्याने 1523 च्या आपल्या निबंधात सल्ला दिला की, प्रजेने एक पानही आपल्या हाताने देऊ नये. परंतु शिपाई घरात शिरून घेऊन गेले तर त्यांचा हात धरू नये. आज्ञाभंग करावा, प्रतिकार करू नये, असा हा मार्ग होता. दोनच वर्षांनी शेतकऱ्यांच्या बंडावर त्याने जी आग पाखडली तिच्यामुळे मात्र त्याच्या अनुयायांत राजनिष्ठेचे पारडे फार काळ जड राहिले. 1550 मध्ये माग्डेबुर्ग शहराच्या पाळकांनी, वरिष्ठ सत्ता धर्माचा उच्छेद करू लागली तर कनिष्ठ अधिकाऱ्यांनी प्रजेचे रक्षण करावे, असा सिद्धांत मांडला. कॅल्विननेही खाजगी माणसाला शस्त्र नाकारून हे कर्तव्य लोकांच्या अधिकृत प्रतिनिधींकडे सोपविले. पुनर्बाप्तिस्मावाद्यांपैकी बहुतेकांनी तलवारीचा मार्ग सोडून दिला आणि कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही पक्षांकडून मरण पत्करले. इंग्लंडात सर थॉमस मोर याने राजाला धर्मसंस्थेचा मुख्य मानण्याची शपथ घेतली नाही आणि 1535 मध्ये शिर दिले. त्याची थोरवी निःसंशय आहे. पण तो स्वतः चॅन्सेलर असताना पाखंडी ठरलेल्या काहींना जिवंत जाळण्यात आले होते, हेही तितकेच निःसंशय आहे. जिनीव्हात 1553 साली सर्व्हेटस जाळला गेला, आणि पुढल्या वर्षी सबास्टियन कॅस्टेलियो याने मतभेदासाठी मनुष्य मारू नये असे प्रतिपादन करणारा ग्रंथ काढला. त्या शतकातील सर्व पक्षांचे लोक देवासाठी मरावयास तयार होते. देवाच्या नावाने मारण्याचा हक्क कोणाही सत्तेला नाही असे म्हणणारा कॅस्टेलियो जवळजवळ एकटा होता.

या शतकाचे सर्वांत बोलके चित्र आपल्याच किनाऱ्यावर सापडते. पोर्तुगीज अमलातील वसईस जन्मलेला गोन्सालो गार्सिया, ज्याची आई याच मुलखातली होती, व्यापाराच्या निमित्ताने पूर्वेकडे गेला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला, आणि दुभाषी म्हणून जपानात गेला. तेथील सत्ताधीश हिदेयोशी याने 1587 मध्येच मिशनऱ्यांना देशाबाहेर जाण्याचे फर्मान काढले होते. परकीय धर्मोपदेशकामागून परकीय सैन्य येते, ही त्याची शंका त्या काळचा आशियाचा इतिहास पाहता निराधार म्हणता येत नाही. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रूसावर चढविण्यात आले, त्यांत गोन्सालो होता. त्यांतील बहुसंख्य जपानीच होते. 1862 साली त्याला संतपद मिळाले, आणि वसईत आजही त्याचे नाव चर्चला व महाविद्यालयाला आहे.

परंतु ज्या काळात वसईचा हा पुत्र आपल्या श्रद्धेपायी क्रूसावर चढला, त्याच काळात त्याच पोर्तुगीज सत्तेखाली गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशनची कचेरी चालू होती, आणि ती, मधली थोडी वर्षे वगळता, 1812 पर्यंत चालली. देवळे पाडली जात होती, जुने संस्कार पाळल्याबद्दल नवख्रिस्ती लोकांना तुरुंग आणि त्याहून वाईट शिक्षा होत होत्या. कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा यांना त्यांच्या भक्तांनी नदीपार अंत्रुज महालात नेले ते याच सोळाव्या शतकात. आपल्या दैवताला घेऊन गाव सोडणारे ते ग्रामस्थ आणि नागासाकीच्या टेकडीवरचा गोन्सालो यांच्या श्रद्धा भिन्न होत्या, पण मानवी हुकुमापेक्षा देव मोठा हा निश्चय दोघांचाही होता. फरक एवढाच की, एका ठिकाणी हुकूम देणारा हात ख्रिस्ती होता. ज्या ख्रिस्ती माणसाला गोन्सालोचा अभिमान वाटतो, त्याने त्या ग्रामस्थांचाही आदर केला पाहिजे. नाही तर त्याचा अभिमान हा धर्माचा नव्हे, केवळ पक्षाचा ठरतो.

विसाव्या शतकात जर्मनीने ही परीक्षा अत्यंत कठोर स्वरूपात घेतली. 1934 च्या मे महिन्यात बार्मेन येथे जमलेल्या पाळकांनी आणि मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी, मुख्यतः धर्मपंडित कार्ल बार्टच्या लेखणीतून उतरलेल्या घोषणेत, मनुष्याच्या साऱ्या जीवनाची एकमेव नियामक होण्याचा राज्यसंस्थेचा दावा अमान्य केला. हिटलरच्या नावाने बिनशर्त शपथ घेण्याचे नाकारल्यामुळे बार्टची बॉन येथील अध्यापकी गेली. पाळक मार्टिन नीमोलर 1937 पासून युद्धाच्या अखेरीपर्यंत बंदिवासात राहिला. तथापि बार्मेनच्या घोषणेत यहुदी लोकांविषयी एक अक्षर नाही, आणि ही आपली चूक होती असे बार्टने वार्धक्यात कबूल केले. 1933 च्या एप्रिलमध्येच डीट्रिख बोनहोफर या तरुण पाळकाने लिहिले होते की, राज्यसंस्थेच्या अत्याचाराला बळी पडलेला मनुष्य ख्रिस्ती मंडळीचा सभासद नसला तरी त्याच्याविषयी मंडळीचे ऋण बिनशर्त आहे. तो पुढे हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाला आणि 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसनबुर्ग येथे फासावर गेला. ऑस्ट्रियातील फ्रान्झ येगरश्टेटर हा शेतकरी कोणत्याच कटात नव्हता. हिटलरच्या सैन्यात शस्त्र धरणार नाही एवढेच त्याचे म्हणणे. गावच्या धर्मगुरूने आणि खुद्द बिशपाने त्याला बायको-मुलींकडे पाहून हुकूम मानण्याचा सल्ला दिला होता. त्याने तो मानला नाही, आणि 9 ऑगस्ट 1943 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. धर्मसंस्थेचा अधिकारी जेव्हा राजसत्तेच्याच बाजूने बोलतो, तेव्हा एकाकी मनोदेवतेचे ओझे केवढे वाढते, हे येथे दिसते.

जर्मनव्याप्त नॉर्वेत 1942 साली प्रथम बिशपांनी आणि मग ईस्टरच्या दिवशी बहुसंख्य पाळकांनी सरकारी पदांचे राजीनामे दिले, पगारावर पाणी सोडले, मात्र मंडळीची सेवा सोडली नाही; आणि त्याच वर्षी यहुद्यांची धरपकड झाली तेव्हा धर्मनेत्यांनी जर्मनधार्जिण्या सरकारचा प्रमुख क्विस्लिंग याला निषेधाचे पत्र धाडले. डेन्मार्कच्या बिशपांनी ऑक्टोबर 1943 मध्ये असेच पत्र देशभरच्या चर्चमधून वाचून दाखविले. त्या दिवसांत तेथील सात हजारांहून अधिक यहुदी लोकांना समुद्रमार्गे स्वीडनला पोचविण्यात आले. याउलट कोरियात 1938 साली जपानी दडपणाखाली प्रेस्बिटेरियन महासभेने शिंतो मंदिरातील वंदन हा धर्मविधी नसून देशभक्तीचा उपचार आहे असा ठराव केला. डेशियसच्या दाखल्याचीच ही नवी आवृत्ती होती. जू गी-चोल या पाळकाने तो ठराव मानला नाही आणि 1944 मध्ये प्याँगयांगच्या तुरुंगात प्राण सोडला.

अमेरिकेत मार्टिन लूथर किंग याने 1963 च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून आठ गोऱ्या धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रात ऑगस्टीन, अक्वायनस आणि बाबेलचे ते तिघे तरुण यांचे दाखले देऊन एक नियम स्पष्ट केला : अन्याय्य कायदा मोडावयाचा तो उघडपणे, प्रेमाने आणि शिक्षा भोगण्याच्या तयारीने. या नियमात गांधीजींचा वाटा होता, हे किंगने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. दक्षिण आफ्रिकेतील धर्मपंडितांनी 1985 च्या ‘कैरोस’ पत्रकात, रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वर्णभेदी राजवटीच्या समर्थनार्थ वापरणाऱ्या धर्मशास्त्राचा कठोर समाचार घेतला.

हिंदुस्थानात हा प्रश्न अनेक अंगांनी आला. 1839 साली मुंबईत दोन पारशी तरुणांनी मिशनरी डॉ. विल्सन यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. 1843 मध्ये मिशनऱ्यांकडे गेलेल्या श्रीपत शेषाद्री या अल्पवयी मुलाचा ताबा कोर्टाने त्याच्या वडिलांकडे दिला, आणि त्याला जातीत परत घेण्यासाठी झटणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना स्वजनांचा रोष सोसावा लागला. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा बिशपाच्या वा गुरुभगिनीच्या स्वाधीन केली नाही. त्यांचा पत्रव्यवहार हा धर्मसंस्थेच्या आतील मानवी अधिकाराला एका मराठी स्त्रीने दिलेला निर्भय जबाब आहे. 1930 च्या कायदेभंगाच्या वेळी अँग्लिकन चर्चचे येथील मुख्य धर्माधिकारी फॉस वेस्टकॉट यांनी सत्याग्रह ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत ठरविला, तेव्हा जे. सी. कुमारप्पा यांनी त्यांना जाहीर उत्तर दिले. आणि पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातील व्हेरियर एल्विन यांनी राज्यकर्त्यांच्याच जातीचे असूनही गांधीजींची बाजू घेतली. स्वातंत्र्यानंतर, केरळातील तीन शाळकरी भावंडांनी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही, आपल्या यहोवा-साक्षीदार पंथाच्या श्रद्धेमुळे ते म्हटले नाही, म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 1986 रोजी ते काढणे घटनाविरोधी ठरविले. बहुसंख्य भारतीय ख्रिस्ती लोक राष्ट्रगीत आनंदाने म्हणतात. परंतु श्रद्धा प्रामाणिक आहे की नाही हे पाहावयाचे, ती बहुसंख्यांना पटते की नाही हे नव्हे, असा त्या निकालाचा गाभा आहे.

या दीर्घ इतिहासातून तीन कसोट्या निष्पन्न होतात. पहिली, नकाराचा विषय स्पष्ट असावा : देवाऐवजी अन्य कोणाची उपासना करणे, अथवा निरपराध माणसाचा घात स्वहस्ते करणे, या गोष्टी कोणत्याही हुकुमाने करता येत नाहीत; कर, कवाईत आणि कारभार यांतील प्रत्येक गैरसोय या सदरात मोडत नाही. दुसरी, नकाराची किंमत नकार देणाराने स्वतः मोजावी आणि ती उघडपणे मोजावी. बोनहोफरसारख्याला गुप्ततेचा मार्ग धरावा लागला, पण किंमत त्यानेही दुसऱ्यावर ढकलली नाही. या दोन कसोट्यांना ख्रिस्ती परंपरा पुष्कळ वेळा उतरली आहे. तिसरी कसोटी अशी की, जो हक्क आपण आपल्या श्रद्धेसाठी मागतो तोच परक्याच्या श्रद्धेसाठी मान्य करावा आणि त्याच्यासाठी झिजावे. कॅलिनिकमला, जिनीव्हात, गोव्यात आणि बार्मेनला ही तिसरी कसोटी विसरली गेली. शिफ्रा आणि पुवा यांनी, कॅस्टेलियोने, नॉर्वे-डेन्मार्कच्या बिशपांनी ती पाळली. माझ्या मते पहिल्या दोन कसोट्यांना उतरलेला नकार शूर असतो, पण तिसरीला उतरल्यावाचून तो ख्रिस्ती म्हणवून घेण्यास पात्र होत नाही.

म्हणून ख्रिस्ती वाचकास, आणि खरे तर प्रत्येक श्रद्धावंतास, विनंती एवढीच की, देवाच्या नावाने एखादा हुकूम अमान्य करण्यापूर्वी त्याने स्वतःला विचारावे : हाच नकार माझ्या शेजाऱ्याने त्याच्या देवाच्या नावाने दिला, तर मी त्याच्या बाजूस उभा राहीन काय? होय असे निःशंकपणे म्हणता येत असेल, तर त्याने कोणत्याही कैसराची भीती बाळगू नये.